ताईच्या नावची दुरडी

आमच्या घरी ईस्टरची सुरुवात चर्चमध्ये नाही, बुरूड आळीत व्हायची. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या आठवड्यात आई ड्यूटीवरून परस्पर तिकडे जायची आणि हातांना बांबूच्या कुसळ्या टोचून घेत दुरड्या निवडत बसायची. दुरडी हलकी हवी, तळ सपाट हवा, आणि कड अशी वळलेली हवी की लहान मुलाच्या बोटाला ओरखडा येऊ नये. बुरुडीण दरवर्षी विचारायची, "सिस्टर, लगीन हाय का घरात?" आई दरवर्षी सांगायची, "नाही गं बाई, सण आहे." कुठला सण, ते त्या बाईला कधी नीट कळलं नाही आणि आईनेही समजावण्याच्या फंदात वेळ घालवला नाही.

आई बारामतीतल्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. घरात आई, ताई आणि मी, तिघी. ताई माझ्याहून बरीच मोठी, शांत आणि शहाणी. माझ्या वाट्याला राहिलेला सगळा तापटपणा आला होता, असं आईच म्हणायची.

ईस्टरच्या दुरड्या ही आईची खास स्वतःची टूम. चर्चमधल्या बाकीच्या बायका अंडी रंगवायच्या, केक करायच्या, संपलं. आईला तेवढ्याने चैन पडायचं नाही. ज्याला दुरडी द्यायची त्याचं अख्खं जगणं तिला त्या वीतभर जागेत मांडायचं असायचं. शेजारचा शिंपी माळकरी, म्हणून त्याच्या दुरडीत अंडी नाहीत, अंड्याच्या आकाराचे रव्याचे लाडू, प्रत्येकाभोवती वेगळ्या रंगाचा रिळाचा दोरा. चर्चच्या पाळकांच्या आईला दिसत नव्हतं, तर तिच्या दुरडीत नुसते वास: वाळा, मोगरा, वेलदोडे, चंदनी साबणाची वडी. ती म्हातारी दुरडी मांडीवर घेऊन दिवसभर हुंगत बसायची. अंड्यांना बाजारातला रंग आई कधी लावायची नाही. कांद्याच्या सालींत उकडली की तांबडी, हळदीत पिवळी, पळसाच्या फुलांत केशरी. त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची आणि मी फणफणत असायचे. पण दुरड्या पोचवायला कोण जाणार? मीच.

ताईने लग्न केलं ते अंथुर्ण्याच्या मुलाशी. ती इंदापूरला शिवणक्लासात शिकवायला रोज जायची, तो अंथुर्ण्याला एसटीत चढायचा, आणि एसटी काय करायचं ते करून मोकळी झाली. दाजींचं घर त्यांच्या आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारं. आता ऊस होता, ट्रॅक्टर होता, आणि मेंढरांपैकी चार-दोन कौतुकापुरती गोठ्यात उरली होती. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. आमच्यात काहींनी बोलणं टाकलं, त्यांच्यात भावकीने टाकलं. पण ताईची सासू स्वतः उठून बारामतीला आली. आईला साडी-नारळ देऊन म्हणाली, "विहीणबाई, पोरांनी केलं ते केलं. आता आपुन गोड मानून घिऊ." पुढे मी जे सांगणार आहे ते वाचून कुणी त्या बाईला कैदाशीण समजू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

ताईला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आई हौसेने अंथुर्ण्याला गेली. नर्सच ती. ताईला खाटेवर झोपवलं, पोट तपासलं, सासूला काय खायला घालायचं ते सांगितलं आणि परत आली. आठवड्याच्या आत ताईचा गर्भ पडला. आई रडली, पण तिने वॉर्डात असं शेकडो वेळा पाहिलं होतं. पहिल्या महिन्यांत होतं असं, पुढच्या वेळी सगळं नीट होईल, म्हणाली. अंथुर्ण्यात मात्र या गोष्टीचा वेगळा अर्थ लागत होता. आई आली, आईने पोटाला हात लावला, आणि मूल गेलं.

हे आम्हाला कुणी तोंडावर सांगितलं नाही. ते हळूहळू कळत गेलं, आणि कळत गेलं तसं भीतीदायक वाटत गेलं. ताईला पुन्हा दिवस गेल्याचं सांगायला दाजी आले तेव्हा निघता निघता मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईंना म्हणावं, इतक्यात नका येऊ. उन्हाचं कशाला दगदग." तेव्हा कडाक्याची थंडी होती. मी स्वेटर घालून उभी होते.

संक्रांतीच्या सुमारास ताई बाजाराला म्हणून बारामतीला आली आणि तासभर घरी टेकली. तिच्या दंडात काळा दोरा होता. पर्समधून रुमाल काढताना एक लिंबू पडलं आणि घरंगळत कॉटखाली गेलं. ते काढायला मी वाकले तर ताई, आता सासरच्याच बोलीत, म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तू हात नको लावू." आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग आई हसून तिच्या पोटाकडे हात न्यायला लागली, तशी ताई अंग चोरून मागे सरली. "हात गार हाय तुजा," म्हणाली. आईने हात तोंडाजवळ नेले, त्यांवर फुंकर घालून चोळले आणि पुन्हा पुढे केले. तोवर ताई उठून चपला घालत होती. त्या दिवशी मला ताईचा इतका राग आला की मी तिला दारापर्यंत सोडायलाही गेले नाही.

 आई ताईच्या दुरडीच्या मागे लागली.

त्या ईस्टरला ताईला आठवा लागलेला असणार होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्यातही होती. त्यामुळे दुरडी द्यायची आणि ताईला घेऊन यायचं, असा आईचा बेत होता. एकदा ती आपल्या वॉर्डात आली की आईला कशाची काळजी नव्हती. दुरडीत काय मांडायचं तेही तिने ठरवून टाकलं होतं. "मेंढपाळाचं घर आहे, आणि आपला प्रभू मेंढपाळ. याहून काय जुळायचं राहिलं?" म्हणाली. घोंगड्या विणणाऱ्याकडून तिने काळी लोकर आणली. तिची इवलीशी कोकरं केली. दुरडीत गवत अंथरलं, कडेने तांबडी आणि पिवळी अंडी रचली, आणि मधोमध कापडाचं एक बाळ ठेवलं. बाळाला काळ्या लोकरीचं जावळ, काळ्या मण्यांचे डोळे. त्याचं झबलं तिने ट्रंकेत जपून ठेवलेल्या ताईच्या लहानपणच्या परकरातून बेतलं होतं. तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "हसरं तोंड बाळ झाल्यावर शिवीन."

मला ते बाळ आवडलं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आई मात्र त्याच्याकडे डोळे भरून बघत होती, म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नव्हे.

ईस्टरच्या सकाळची उपासना आटोपून मी निघाले. आईने स्टँडवर पुन्हा बजावलं, "आधी पाय बघ तिचे. नडगीवर बोट दाबून धर, खड्डा राहतो का बघ. आणि तिला घेऊनच ये."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. दुरडी मांडीवर, वर पांढरं फडकं. शेजारी एक म्हातारी बसली होती. गप्पिष्ट होती, लासुर्ण्याला उतरणार होती. फडक्याची कड वाऱ्याने उडाली तशी तिने सहज आत डोकावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणाकडं निगालीस?"

"बहिणीकडे. आठवा महिना चाललाय तिला."

"काल पुनव झाली," ती म्हणाली. एवढंच. ती उठली, गर्दीत वाट काढत पुढे गेली आणि दांडी धरून उभी राहिली. तिची जागा रिकामी होती, तरी तिथे येऊन कुणी बसेना.

मी फडकं बाजूला करून पाहिलं, आणि त्या म्हातारीच्या डोळ्यांनी मला ती दुरडी पहिल्यांदा दिसली. हळदीची अंडी, तांबडी अंडी. काळी लोकर. बिनतोंडाची बाहुली, आणि तिच्या अंगावर जिच्या घरी ती चालली होती तिच्याच अंगातलं कापड. आमचा ईस्टर तर येतोच पुनवेच्या मागोमाग. तिठ्यावर लिंबू, अंडी, बाहुल्यांचे उतारे ठेवलेले मी लहानपणापासून पाहत आले होते. आमच्या घरात या गोष्टींना थारा नव्हता, म्हणून हे आईच्या डोक्यातच आलं नव्हतं.  बाहुली काढून पर्समध्ये कोंबावी असं वाटलं, पण आता अर्धी एसटी माझ्याकडे बघत होती. बाहुली नेणाऱ्या बाईपेक्षा बाहुली लपवणारी बाई वाईट. मी फडकं नीट खोचलं आणि अंथुर्ण्यापर्यंत बाहेर बघत बसले.

फाट्यापासून वस्तीपर्यंत कॅनॉलच्या कडेने चालत गेले. ऊन मी म्हणत होतं. ताईची सासू अंगणात बाजेवरच्या कुरडया उलथत होती. मला पाहून तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. तिने पाण्याचा तांब्या दिला, सावलीत बसवलं. मग दुरडीकडे बघून म्हणाली, "काय आणलंस गं?"

मी आपली हसत, मोठ्या आवाजात सांगायला लागले. आमचा सण आहे मावशी, आई सगळ्यांना देते, तुमचं मेंढरांचं घर म्हणून ही बघा कोकरं. फडकं काढलं. मावशी दोन पावलं मागे गेली. तिच्या हातातली कुरडई खाली पडली.

"त्या भावलीच्या अंगावर कापड कुणाचं?"

काय सांगणार? "ताईचंच. लहानपणचा परकर."

तेवढ्यात ताई बाहेर आली. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या खाचा भरून आल्या होत्या, ओठ जाड झाले होते. पाय तर बघवत नव्हते, पैंजण मांसात रुतले होते. बोट दाबून बघायची गरजच नव्हती. "ताई, चल," मी म्हटलं. "आत्ता चल. आईने सगळी तयारी ठेवलीय."

ताई माझ्याकडे बघतच नव्हती. ती दुरडीकडे बघत होती. मावशीने कुडातली काटकी घेतली आणि हात न लावता बाहुली उलटीपालटी केली. झबलं वर सरकलं. बाहुलीच्या पोटात एक टाचणी होती. उन्हात चमकली.

मला हसूच फुटलं. सुटकेचं हसू. कारण आईच्या टाचण्या! आईने शिवलेला एक कपडा असा नव्हता ज्यात ती एखादी टाचणी विसरली नसेल. नवा फ्रॉक आम्ही आधी झटकायचो, मग घालायचो. एकदा वार्षिक परीक्षेच्या पेपरात ताई बाकावर बसली आणि किंचाळत उठली, तो किस्सा आमच्या घरात पाहुण्यांना सांगायचा ठरलेला होता. ताईच सांगायची, अभिनय करून. मी तिच्याकडे वळले. "ताई, सांग की गं यांना! आईच्या टाचण्या!"

ताईने पदर ओढून पोट झाकून घेतलं. दोन्ही हातांनी.

"पोटातच कशी ऱ्हायली?" ती म्हणाली.

माझा तोल गेला. मी दुरडीतलं एक तांबडं अंडं उचललं, उंबऱ्यावर आपटून सोललं आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्या खाल्लं. घशात अडकलं, तरी खाल्लं. "बघा, झालं मला काही?"

"तुला काय हुनार हाय?" ताई म्हणाली. "तुज्या नावचं न्हाय ते."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. ती मनापासून घाबरली होती आणि ती सासूला घाबरत नव्हती. माझ्या आईला घाबरत होती.

मावशीने ओरडाआरडा केला नाही. माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "पोरी, तुज्या आईवर मी आळ घेत न्हाय. पर मी माजी दोन पोरं मातीत घातल्यात. आता भ्या वाटतं. तू भाकरी खाऊन जा." मी तिला ताईचे पाय दाखवले. दिवस गेलेल्या बाईचे पाय सुजतातच, म्हणाली, पण म्हणतानाही ती त्या पायांकडे बघत राहिली. दाजी शेतातून आले, कुणाशी न बोलता दुरडी काठीला अडकवून कॅनॉलला घेऊन गेले. कोकरं पाण्यावर तरंगत गेली असतील. मी भाकरी न खाता निघाले.

आई स्टँडवरच उभी होती. मी एकटीच उतरलेली पाहून तिने दुरडीचं काही विचारलं नाही. "पाय?" म्हणाली. मी सांगितलं. चेहरा सांगितला. ती तशीच घरी गेली, बीपीचं मशीन पिशवीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अंथुर्ण्याला गेली. मीही बरोबर गेले.

ताईने आतून कडी लावून घेतली होती. आई अंगणात उन्हात उभी राहिली आणि मावशीला एकेक गोष्ट सांगत गेली. बीपी वाढलेलं असणार. असंच राहिलं तर झटके येतात. बाळही जाईल आणि माझी पोरगीही जाईल. माझ्याकडे नको तर इंदापूरला न्या, पुण्याला न्या, मी तोंडसुद्धा दाखवणार नाही, पण न्या. मावशीला ते पटत होतं, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ती उठली, दाराला तोंड लावून ताईशी बोलली, बराच वेळ बोलली. परत आली ती पदराने डोळे पुसत. "न्हाय म्हणती. तुमी सांगताय म्हणूनच न्हाय म्हणती."

आईने तेवढ्यात बंद दाराशी जाऊन हाक मारली. एकदाच. मग मशीनची पिशवी उचलून फाट्याकडे चालू लागली.

पुढचं मला लांबवायचं नाही. त्याच आठवड्यात ताईला झटके आले. दाजींनी तिला कुणाच्या तरी जीपमध्ये घालून इंदापूरला नेलं. ताई वाचली. लेकरू गेलं. मुलगी होती.

काय झालं ते आईला अक्षरन् अक्षर माहीत होतं. ते टाळता आलं असतं हेही माहीत होतं. आणि ताईलाही काय झालं ते पक्कं माहीत होतं: बाहुलीच्या पोटात टाचणी होती आणि तिच्या पोटातलं मूल गेलं. तिच्यापुरता पुरावा मिळाला होता. मी भेटायला गेले तेव्हा तिच्याशी कडाकडा भांडले. आईला आत येऊ दिलं असतंस तर आज मांडीवर खेळत असती पोरगी, म्हटलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला ती आईच वाटती. मलाबी वाटायची."

हे वाक्य मी आईला सांगितलं नाही.

आईने दुरड्या करणं सोडलं. बाकी तिचं सगळं पूर्वीसारखं चालू होतं, निदान मला तसं वाटत होतं. ड्यूटी, चर्च, शिकाऊ पोरींना ओरडणं. मग एका दुपारी आम्ही दोघी गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो आणि ती एकदम म्हणाली, "मी त्या पोरींना दरवर्षी शिकवते. पाय सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली की बीपी बघा. का होतं, कसं होतं, सगळं शिकवते. मला कळतं गं ते."

"मग?" मी विचारलं.

"मग एक सांग. ती टाचणी मी पोटालाच का लावली असेन?"

असा संताप आला मला. ताईचा, त्या गावाचा, त्या काळ्या लोकरीचा, आईचासुद्धा. मी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि ओरडले, "परकराचं कापड तिथे दुमडलं होतं म्हणून! दुसरं काय असणार?"

"हो," आई म्हणाली. "दुमडलंच होतं."

ती उरलेल्या शेंगा मोडत राहिली. पुढच्याच महिन्यात तिने बाळंतपणाच्या वॉर्डातून बदली मागून घेतली. मला ते दुसऱ्या एका सिस्टरकडून कळलं. घरी येऊन मी विचारलं तेव्हा म्हणाली की कुणाच्या पोटाला हात लावायची आता भीती वाटते.